दोन मुलांचा हिशेब

लेस्टरच्या संग्रहालयात पांढऱ्या प्लास्टिकचा एक सांगाडा आहे. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच्या हाडांची ही थ्रीडी प्रिंटरवर काढलेली प्रतिकृती. खरी हाडं समोरच्याच कॅथेड्रलमध्ये पुरलेली आहेत. माझी बहीण त्या शहरात राहते. तिची मुलगी, वय वर्षं चौदा, त्या सांगाड्यापुढे बराच वेळ उभी राहिली. मग हवेतच बोट फिरवत तिनं त्याचा कणा गिरवला. मानेखालून उजवीकडे झुकत जाणारा, कमरेपाशी पुन्हा मध्यावर येणारा. म्हणाली, "मावशी, हे सेम माझ्या एक्स-रेसारखं आहे."

तिला स्कोलिओसिस आहे. वयात येताना कणा एका बाजूला वळत जातो, त्याबरोबर फासळ्या फिरतात आणि एक खांदा वर राहतो. गेल्या वर्षी घरच्या लग्नासाठी साताऱ्याला आली होती, तेव्हा शिंप्यानं तिच्या ब्लाउजच्या डाव्या खांद्यात कापसाची पातळ गादी शिवून दिली. आरशात बघून पोर खूश झाली. त्याच लग्नात पंगतीला बसलेल्या एका वडीलधाऱ्या बाई तिच्या देखत म्हणाल्या, "कुठल्या जन्मीचं फेडतेय बिचारी." ते वाक्य मी अजून गिळू शकलेले नाही. आणि रिचर्डबद्दल जे मला म्हणायचंय, त्याची सुरुवात तिथूनच होते.

ज्यांना ही हकिकत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ९ एप्रिल १४८३ ला चौथा एडवर्ड वारला. वारस थोरला मुलगा, पाचवा एडवर्ड, वय बारा. धाकटा नऊ वर्षांचा. मृत राजाचा भाऊ रिचर्ड उत्तरेतून निघाला आणि लंडनच्या वाटेवरच त्यानं पुतण्याला ताब्यात घेतलं, पुतण्याच्या मामाला आणि सावत्र भावाला कैद केलं. तो राज्याचा पालक झाला. १३ जूनला लॉर्ड हेस्टिंग्ज या जुन्या निष्ठावंत सरदाराचं डोकं चौकशी न करता उडवलं गेलं. आई धाकट्याला घेऊन वेस्टमिन्स्टरला चर्चच्या आश्रयाला बसली होती. १६ जूनला तोही तिच्याकडून काढून टॉवर ऑफ लंडनमध्ये भावाजवळ नेला. एडवर्डचं लग्नच बेकायदा होतं, म्हणून ही मुलं अनौरस, असं जाहीर झालं. २६ जूनला रिचर्डनं गादी घेतली, ६ जुलैला राज्याभिषेक. मुलं काही दिवस टॉवरच्या बागेत खेळताना, तीर मारताना दिसत होती. मग दिसेनाशी झाली. दोन वर्षांनी, २२ ऑगस्ट १४८५ ला, बॉसवर्थच्या लढाईत हेन्री ट्यूडरच्या फौजेनं रिचर्डला मारलं. वय बत्तीस.

तो हरला, आणि हरल्यावर त्याच्या देहाचं आणि नावाचं जे झालं ते लाजिरवाणं होतं यात मला शंका नाही. प्रेत उघडं करून घोड्यावर आडवं टाकून लेस्टरला आणलं. ग्रेफ्रायर्स मठात घाईघाईनं खणलेल्या, लांबीला अपुऱ्या खड्ड्यात, शवपेटीशिवाय पुरलं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये एका कार पार्कच्या डांबराखालून तो सांगाडा निघाला तेव्हा मान पुढे वाकलेली होती, कारण डोकं खड्ड्यात मावलंच नव्हतं. मृत्यूच्या सुमारास झालेल्या अकरा जखमा हाडांवर सापडल्या, त्यातल्या नऊ कवटीवर. एक जखम कमरेच्या हाडात आहे. चिलखत अंगावर असताना तिथं वार लागणं कठीण, म्हणून ती मेल्यावर, विटंबनेसाठी केलेली असावी असं तपासणाऱ्यांचं मत आहे.

नावाचीही तीच गत. हेन्रीनं आपली कारकीर्द २१ ऑगस्टपासून, म्हणजे लढाईच्या आदल्या दिवसापासून, सुरू झाल्याचं कागदोपत्री लावून घेतलं, म्हणजे रिचर्डसाठी लढलेले लोक आपोआप राजद्रोही ठरले. मुलांना अनौरस ठरवणारा रिचर्डचा कायदा न वाचताच रद्द करायचा आणि त्याच्या प्रती नष्ट करायच्या, असा हुकूम निघाला. पार्लमेंटच्या दप्तरातली एक प्रत वाचली म्हणून आज तो वाचायला मिळतो. जॉन राउस नावाच्या एका पाद्र्यानं रिचर्ड जिवंत असताना त्याचे गोडवे गायले होते. राज्य पालटल्यावर त्याच माणसानं लिहिलं की हा आईच्या पोटात दोन वर्षं होता आणि जन्मला तो तोंडात दात आणि खांद्यापर्यंत केस घेऊन. थॉमस मोर या लेखकानं आपल्या वर्णनात त्याला वाळलेला हात दिला. बॉसवर्थच्या वेळी मोर लहान मुलगा होता आणि पुढे वाढला तो रिचर्डचा हाडवैरी जॉन मॉर्टन याच्या घरात. शेक्सपिअरनं ते सगळं उचललं आणि रिचर्डच्याच तोंडून वदवून घेतलं की आपण असे वेडेविद्रे, प्रेमाच्या कामाचे नाही, तेव्हा आता खलनायकच व्हायचं. ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात रिचर्डचं एक जुनं चित्र आहे. क्ष-किरणांखाली धरल्यावर दिसलं की मूळ चित्रातला खांदा नंतर रंग चढवून उंच केलेला आहे.

हे सगळं उघड झालं तेव्हा एक न्याय्य चीड निर्माण झाली. १६१९ च्या सुमारास जॉर्ज बक, १७६८ मध्ये होरेस वॉलपोल यांनी रिचर्डची बाजू मांडली. १९२४ मध्ये त्याच्यासाठी एक संस्थाच उभी राहिली, ती पुढे रिचर्ड थर्ड सोसायटी झाली. कार पार्क खणायला लावण्यात फिलिपा लँग्ली या बाईंच्या चिकाटीचा मोठा वाटा होता. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण त्या दिवशी सांगाड्याजवळ उभं राहून मला जाणवलं की वकिली करता करता या मंडळींनीही एक चूक केली होती, आणि ती हाडांनीच दाखवून दिली. कित्येक वर्षं त्यांचं म्हणणं असं होतं की पाठीचा दोष ही ट्यूडरांची निव्वळ थाप आहे. राजा सरळ, देखणा होता. सांगाडा निघाला तर कणा खरोखर वळलेला, चांगला ठळक. कुबड मात्र नव्हतं, हातही दोन्ही धडधाकट. पण एक खांदा उंच असणार हे नक्की. मोरनं डावा म्हटलं होतं, हाडं उजवा म्हणतात. म्हणजे वैऱ्यानं थाप मारली ती खऱ्याच्या पायावर. वाढवलं, फिरवलं, विद्रूप केलं, पण पूर्ण शून्यातून काढलं नाही. अभ्यासकांनी हेही सांगितलं की चांगला शिंपी आणि मापाचं चिलखत असेल तर बघणाऱ्याला फारसं कळलंही नसतं. साताऱ्याचा शिंपी मला तिथं आठवला.

"इतिहास जेते लिहितात" हे वाक्य आपण इतकं सहज टाकतो की त्यापुढे विचारच थांबतो. जेत्यानं लिहिलं म्हणून खोटं, असा त्याचा अर्थ लावला की काम संपतं. मग कागद तपासायला नको, तारखा जुळवायला नकोत. रिचर्डच्या बाबतीत तर तारखाच वेगळं सांगतात. डॉमिनिक मॅन्चिनी हा इटालियन १४८३ च्या जुलैपर्यंत लंडनमध्ये होता. मायदेशी नव्हे, फ्रान्सला परतून त्यानं त्याच डिसेंबरात जे पाहिलं-ऐकलं ते लिहून काढलं. ते हस्तलिखित लील शहरात १९३४ मध्ये सापडलं, म्हणजे त्यात ट्यूडरांची एकही ओळ घुसलेली नाही. तो लिहितो की मुलं टॉवरच्या आतल्या भागात हलवली गेली, गजांआडून दिवसेंदिवस कमी दिसू लागली आणि अखेर दिसणंच बंद झालं. थोरल्याचं नाव निघताच माणसांच्या डोळ्यांत पाणी आल्याचं त्यानं स्वतः पाहिलं. मुलांचं काय केलं ते मला कळलेलं नाही, हेही तो प्रामाणिकपणे लिहितो. जानेवारी १४८४ मध्ये फ्रान्सच्या चॅन्सेलरनं तूर येथल्या सभेत रिचर्डवर मुलांच्या खुनाचा उघड आरोप केला. तेव्हा बॉसवर्थला अजून दीड वर्ष होतं. फ्रान्स वैरी होता हे खरं, पण संशय हेन्री गादीवर बसल्यानंतर जन्मला, हे म्हणणं टिकत नाही.

याहून मोठी गोष्ट मला वाटते ती रिचर्डच्या स्वतःच्या मौनाची. १४८३ च्या शरदात दक्षिण इंग्लंडमध्ये बंड झालं. मुलांना सोडवायचं असं आधी ठरत होतं. मग मुलं मेली अशी बातमी पसरली आणि बंडवाले हेन्री ट्यूडरकडे वळले. एका परागंदा, दूरच्या दावेदाराला राजा करायला यॉर्क घराण्याची, म्हणजे एडवर्ड-रिचर्डच्याच घराण्याची, जुनी माणसं तयार झाली, ती याच बातमीमुळे. अशा वेळी रिचर्डला काय करायचं होतं? मुलं जिवंत असतील तर एका सकाळी त्यांना घोड्यावर बसवून लंडनच्या रस्त्यावरून फिरवायचं, एवढंच. बंडाची हवा निघाली असती. त्यानं ते केलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढच्या दोन वर्षांत एकदाही नाही. पोरं ज्याच्या ताब्यात, ज्याच्या कुलपाखाली, ज्यानं पालक म्हणून जबाबदारी घेतली, त्यानंच ती कुठं आहेत हे सांगायचं असतं. शेजाऱ्याकडे लेकरू ठेवून गेलो आणि आल्यावर ते दिसलं नाही, तर आपण दुसऱ्या कुणाला विचारणार?

यावर वकिलीतला सगळ्यात जोरकस मुद्दा येतो तो आईचा. एलिझाबेथ वुडविल १ मार्च १४८४ च्या सुमारास मुलींना घेऊन आश्रयातून बाहेर आली. पोटच्या पोरांच्या मारेकऱ्याच्या हाती कोण आई मुली देईल, असं विचारतात. ऐकायला बिनतोड वाटतं. पण रिचर्डनं तिचा आधीच्या लग्नाचा मुलगा, रिचर्ड ग्रे, आणि तिचा भाऊ अँथनी या दोघांची डोकी उडवली होती, याबद्दल कुणाचाही वाद नाही. तरीही ती बाहेर आली. म्हणजे ज्यानं आपला एक मुलगा नक्की मारला त्याच्याशी ती तह करत होती, कारण पाच मुलींना घेऊन मठात जन्म काढता येत नव्हता. आणि तिनं त्याच्याकडून काय लिहून घेतलं ते पाहा. लॉर्ड, बिशप आणि लंडनच्या मेयरसमोर घेतलेल्या त्या शपथेत रिचर्ड म्हणतो की या मुलींच्या जिवाला मी धोका पोचू देणार नाही, त्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये वा दुसऱ्या कुठल्या तुरुंगात टाकणार नाही. टॉवरचं नाव घालून शपथ. त्या शपथेत मुलग्यांबद्दल एक शब्द नाही.

दुसरी माणसं संशयित होतीच. बकिंगहॅमचा ड्यूक, खुद्द हेन्री, त्याची आई मार्गारेट ब्यूफर्ट; ही मुलं वाटेतून दूर होण्यात प्रत्येकाचा फायदा होता. हेन्रीचं वागणंही स्वच्छ नाही. पार्लमेंटमध्ये रिचर्डवर आरोपांची यादी वाचताना त्यानं अर्भकांचं रक्त सांडल्याचा एक मोघम शब्द घातला आणि पुढे गेला. ना नाव, ना चौकशी. सर जेम्स टिरेल यानं खुनाची कबुली दिली असं मोर सांगतो, पण टिरेलला १५०२ मध्ये देहदंड झाला तो वेगळ्या राजद्रोहासाठी, आणि कबुलीचा कागद कुठेही नाही. अलीकडे, २०२३ मध्ये, मुलं वाचली असं दाखवण्यासाठी युरोपातल्या दप्तरांतून काही कागद पुढे आणले गेले. त्यातल्या एका १४८७ च्या शस्त्रखरेदीच्या पावतीत "एडवर्ड राजाचा मुलगा" असा उल्लेख आहे. पण तोतया उभा करणारे आपल्या माणसाला राजपुत्र म्हणणार नाहीत तर काय म्हणतील? तोतयांची हकिकत आपल्या वाचकाला नवी नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिलेला माणूसही पुष्कळांनी खरा मानला होता.

आणि काका-पुतण्या म्हटलं की मराठी माणसाला शनिवारवाडा आठवल्याशिवाय राहत नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला, गादी काकाकडे, राघोबादादांकडे गेली. फरक एवढाच की पुण्यात रामशास्त्री प्रभुणे होते. त्यांनी सत्तेवर बसलेल्या माणसाची चौकशी करून दोष त्याच्या पदरात घातला. 'ध'चा 'मा' कुणी केला यावर आपण आजही भांडतो, पण नारायणरावांचं काय झालं हे तरी ठाऊक आहे. लंडनमध्ये तो प्रश्न कुणीच अधिकारानं विचारला नाही, रिचर्डच्या काळात नाही आणि त्याला हरवणाऱ्याच्या काळातही नाही.

रिचर्डनं चांगली कामं केली, ती लपवायचं कारण नाही. १४८४ च्या त्याच्या एकमेव पार्लमेंटनं संशयितांना जामीन मिळण्याची सोय केली, दोष सिद्ध होण्याआधी माल जप्त करण्याला बंदी घातली, राजानं जबरदस्तीनं "देणग्या" उकळायची पद्धत बंद केली. परदेशी व्यापाऱ्यांवर निर्बंध घालणाऱ्या कायद्यातून पुस्तकं आणणारे, छापणारे वगळले. तो मेल्याची बातमी आली तेव्हा यॉर्क शहरानं आपल्या दप्तरात लिहिलं की तो दगाबाजीनं दीनवाणा मारला गेला आणि शहराला भारी दुःख झालं. नवा राजा उंबऱ्यावर असताना असं लिहायला छाती लागते. लढताना तो पळाला नाही, हे त्याच्या वैऱ्यांनीही नोंदवलंय. हे सारं मान्य करूनही मी म्हणेन की चांगला जामीन कायदा हे हरवलेल्या पुतण्यांबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. जामिनाचा कायदा करणाऱ्या त्याच माणसानं हेस्टिंग्जला चौकशीशिवाय मारलं होतं.

म्हणून माझी भूमिका दोन्ही बाजूंना रुचणार नाही. आरोपपत्रातून पाठ काढून टाकली पाहिजे, पूर्णपणे, कायमची. शरीराचं वळण हा स्वभावाचा पुरावा मानणं हे पाप आहे, ते राउसनं केलं, शेक्सपिअरनं केलं, मंथरेला कुबड देऊन आपण केलं आणि साताऱ्याच्या पंगतीत त्या बाईंनी केलं. वयाच्या दहा-बारा वर्षांनंतर वाढत गेलेला कणा घेऊन त्या माणसानं घोडदौड केली, जड चिलखत घालून युद्धं मारली. माझ्या भाचीनं त्याच्याकडून हे घ्यावं. पण पाठीची माफी मागताना मुलांचा आरोप तिच्याबरोबर हळूच पुसला जातो, त्याला माझा विरोध आहे. २६ मार्च २०१५ ला लेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये त्याला पुन्हा पुरलं, तेव्हा शवपेटीचं दर्शन घ्यायला हजारोंची रांग लागली होती. त्याला कुठं पुरायचं यावर लेस्टर आणि यॉर्कवाल्यांचं भांडण हायकोर्टापर्यंत गेलं होतं. मरणानंतर सन्मान मिळाला, बरं झालं. मुलांसाठी मात्र कुणी कोर्टात गेलं नाही.

त्यांची असतील अशी हाडं मात्र आहेत. १६७४ मध्ये टॉवरमध्ये एका जिन्याखाली खणताना मजुरांना लाकडी पेटीत दोन मुलांचे सांगाडे सापडले. दुसऱ्या चार्ल्सनं ते वेस्टमिन्स्टर ॲबीत संगमरवरी कलशात ठेवले आणि त्यावर लॅटिनमध्ये कोरून टाकलं की काका रिचर्डनं यांना उशीखाली गुदमरवून मारलं. तपास आधी नाही, निकाल दगडात. १९३३ मध्ये कलश एकदा उघडला. हाडांत जनावरांचीही हाडं मिसळलेली निघाली. वय साधारण जुळतं असं डॉक्टर म्हणाले, पण मुलगे की मुली हेही तेव्हा सांगता आलं नाही. त्यानंतर कलश उघडायला परवानगी मिळालेली नाही.

आता ती मिळाली पाहिजे. रिचर्डच्या हाडांतून डीएनए निघाला आहे. तो त्यांचा सख्खा काका. म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच हाडांनी पुतण्यांची ओळख पटू शकते. ओळख पटली तरी मारलं कुणी हे कळणार नाही, हे मला मान्य आहे. नाही पटली तर त्या दगडावरचा निकाल तरी उतरवावा लागेल, आणि मग रिचर्डच्या बाजूनं बोलणाऱ्यांबरोबर मीही ते मागेन. मृतांची शांती भंग होते म्हणाल, तर मजुरांच्या फावड्यातून आलेली, जनावरांच्या हाडांबरोबर कोंबलेली ती पोरं आज शांत आहेत असं कोण म्हणेल? राजाच्या हाडांचा ज्या काळजीनं अभ्यास झाला तीच काळजी त्यांना द्या.

मॅन्चिनीनं अखेरच्या नोकरांपैकी एकाचं, थोरल्या मुलाच्या वैद्याचं, सांगणं लिहून ठेवलंय. तो बारा वर्षांचा राजा बळी द्यायला तयार केल्यासारखा रोज पापांची कबुली देत होता, रोज प्रायश्चित्त घेत होता, कारण मरण समोर आलंय असं त्याला वाटत होतं. त्या वैद्यालाही मग घरी पाठवलं.